मामाच्या हातचा घास

दंडाचा घेर मोजताना फीत कातडीला नुसती टेकली पाहिजे. ओढली तर मांस दबते आणि आकडा दोन-तीन मिलिमीटरने कमी येतो. सैल राहिली तर तेवढाच वाढतो. हर्षलच्या दंडावर फीत टेकवली, तेव्हा तिच्याखाली कातडी किंचित सरकली. आठ महिन्यांच्या बाळाची कातडी अशी सरकत नाही, कारण खाली दंड भरलेला असतो. मी तीनदा मोजले. १२.४, १२.४, १२.३. फॉर्मवर १२.४ लिहिले.

तो १९९८ सालचा नोव्हेंबर होता. चामोर्शी तालुक्यातल्या चौदा गावांत आमचे सर्वेक्षण चालू होते. आईचे शिक्षण, तिला असलेली माहिती आणि वर्षाच्या आतल्या मुलाचे वजन यांचा काही संबंध दिसतो का, ते पाहायचे होते. प्रत्येक घरी महिन्याच्या अंतराने तीन भेटी द्यायच्या. पहिल्या भेटीत आईला वीस प्रश्न विचारायचे आणि बरोबर उत्तराला एक गुण द्यायचा. मोजमाप करताना सल्ला द्यायचा नाही, नाहीतर पुढच्या भेटीतली उत्तरे बदलतात. मूल तिसऱ्या श्रेणीत गेले, म्हणजे वयाप्रमाणे असायला हवे त्याच्या साठ टक्क्यांखाली त्याचे वजन उतरले, की मात्र घरच्यांना सांगून दवाखान्याची चिठ्ठी द्यायची.

हर्षलची आई पुनम बावीस वर्षांची होती. माहेर माजरीचे, कोळसा खाणीच्या वसाहतीतले. बारावी सायन्स. चौदा गावांत सून म्हणून आलेल्या बारावी सायन्सच्या बायका मला दोन भेटल्या, त्यांतली ही एक. पडवीच्या आढ्याला स्प्रिंगचा काटा अडकवून मी हर्षलला झोळीत बसवले. पाय लोंबकळायला लागल्यावर तो रडला नाही, फक्त आईकडे बघत राहिला. सहा किलो शंभर ग्रॅम. दुसरी श्रेणी.

मग प्रश्न सुरू केले. बाळंतपणानंतरचे पहिले घट्ट दूध काढून टाकावे का? तिने नाही म्हटले आणि का नाही तेही सांगितले. जुलाब झाले तर पाणी बंद करावे का? नाही, साखर-मीठ घालून द्यावे, आणि साखर किती, मीठ किती तेही तिने चमच्यांत सांगितले. वरचे अन्न कितव्या महिन्यात सुरू करावे?

"चौथ्या ते सहाव्या," ती म्हणाली. "भात कुस्करून, त्यात वरण, थोडं तेल. मग अंडं."

वीसपैकी वीस. त्याआधी मी एकशे बारा आयांना हेच प्रश्न विचारले होते. वीस गुण कोणालाच मिळाले नव्हते.

शेवटचा भाग गुणांचा नव्हता. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत बाळाने काय काय खाल्ले?

"अंगावरचं दूध."

"आणखी?"

"पेजेचं पाणी. वरचं वरचं. तीन-चार चमचे."

"भात?"

पुनमने घरात पाहिले. चुलीपाशी तिची सासू रुखमाबाई बसली होती. पुनमने आवाज खाली आणला. "नाई मॅडम. त्याचं उष्टावण नाई झालं अजून."

उष्टावण म्हणजे बाळाचा पहिला घास. या घरात तो मामाने भरवायचा असतो. भाचा मामाच्या मांडीवर बसतो, मामा त्याच्या तोंडात खिरीचा किंवा दूधभाताचा घास घालतो, आणि त्यानंतरच त्या तोंडात अन्न जाते. त्याआधी भाताचे शीतही नाही. पेजेचे पाणी चालते, कारण रुखमाबाईंच्या मते ते पाणीच आहे.

"मग मामाला बोलवायचं," मी म्हटले. हा सल्ला होता की प्रश्न, हे मला नंतरही ठरवता आले नाही.

आतून रुखमाबाईच बोलल्या. "बोलावणार कसं? तो पाय ठेवते का इथी? आणि यायनं ठेवू दिला पाह्यजे ना!"

'यायनं' म्हणजे गुणवंतरावांनी. पुनमचे सासरे दहा वर्षे ग्रामपंचायतीत होते आणि गावात जनावरांचा दवाखाना त्यांच्या खटपटीने आला होता. पुनमचा भाऊ निकेश तिला बाळंतपणाला माजरीला न्यायला आला, तेव्हा त्यांनी पाठवले नाही. पहिले बाळंतपण आपल्या घरी, असे म्हणाले. कळा दोन दिवस चालल्या. बारशाला निकेश आला आणि पन्नास माणसांसमोर म्हणाला, "तुमचं गाव मोठं आहे. इथी म्हशीसाठी डाक्टर येते, बाईसाठी येत नाई." लोक हसले. गुणवंतरावांनी हातातले पान खाली ठेवले आणि सांगितले, की या उंबऱ्यावर पुन्हा यायचे असेल तर आधी माफी मागून यायचे. निकेशने सांगितले, बोलावणे आले की येतो. त्याला आठ महिने झाले होते. मार्चपासून दोघेही वाट पाहत होते.

पुनमचा नवरा देवराव मला त्या दिवशी बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, धुऱ्यावर भेटला. धान कापणीला आले होते. मी विचारल्यावर त्याने विळा खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसला. "मी मधात बोललो तर दोघंबी मलेच धरतेत, मॅडम. बाप म्हणते बायकोचा झाला. साळा म्हणते बापाचा झाला."

शेजारच्या घरात बुधरी राहायची. तिने शाळा पाहिली नव्हती. वीसपैकी तिला सहा गुण मिळाले, आणि त्यांतले दोन अंदाजाचे होते. तिचा मुलगा हर्षलपेक्षा नऊ दिवसांनी लहान. वजन आठ किलो. मी गेले तेव्हा तो तिच्या ताटाशी बसून उकडलेल्या पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगेतला दाणा बोटाने चिरडत होता.

"याला वरचं अन्न कधीपासून?"

"कोण ठेवते ध्यानात!" बुधरी हसली. "पोट्ट्यानं ताटात हात घातला का त्याचा वाटा सुरू. तो काई मामाची वाट पाह्यत नाई." मग शेजारच्या भिंतीकडे हनुवटी करून ती हळू म्हणाली, "तिचं लेकरू तिच्या कडेवरून माझ्या ताटाकडं पाह्यते. मले घास जात नाई बाई."

दोन्ही फॉर्म मी एकाखाली एक ठेवले. वीस गुण, सहा किलो शंभर. सहा गुण, आठ किलो. दोन फॉर्मवरून काही सिद्ध होत नाही, म्हणून त्यांच्याबद्दल मी अहवालात काही लिहिले नाही.

अंगणवाडीच्या अन्नपूर्णाबाईंना कळवणे नियमात बसत होते. त्या म्हणाल्या, "मी दर आठवड्याले पीठ नेऊन देतो मॅडम. म्हातारी घेते, मले च्या पाजते, आणि मी वळली का वासराले चारते. वासरू पाह्यलं का तुमी त्यायचं? लय गुटगुटीत आहे."

डिसेंबरच्या मध्यावर दुसरी भेट झाली. सहा किलो. दंड १२.२. गेल्या आठवड्यात गोवराची सुई टोचून झाली होती. पुनमने सुईच्या कार्डावरची तारीख न विचारता दाखवली आणि कार्ड पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत घातले. निकेशला तिने दोन पत्रे पाठवली होती. एकाचे उत्तर आले होते: भाचा माझा आहे, बोलवा, त्याच दिवशी निघतो. ते पत्र गुणवंतरावांना वाचून दाखवले होते. ते म्हणाले होते, यात माफीचा शब्द कुठे आहे?

या भेटीत गुणवंतराव घरी होते. मी फॉर्म भरत होते तेव्हा खाटेवरून म्हणाले, "आमची सून सगळं जाणते मॅडम. बारावी सायन्स आहे. पण वरण खाऊन पाहा, ते आर्ट्सचं आहे." स्वतःच हसले. पुनमही थोडी हसली. हर्षल तिच्या मांडीवर होता आणि आजोबांच्या हातातल्या बिस्किटाकडे पाहत होता. ते पाहून गुणवंतरावांनी बिस्किट धोतराखाली लपवले. त्यांना वाईट वाटले, असे मला वाटले. बिस्किट नंतर त्यांनीही खाल्ले नाही.

जानेवारीच्या सोळा तारखेला तिसऱ्या भेटीला गेले, तेव्हा गावात चुरणे, म्हणजे धानाची मळणी, चालू होते. घरात पुनम एकटी होती; बाकीचे धानाच्या पुंजण्याजवळ खळ्यावर. काटा मी नेहमीच्याच आढ्याला लावला. पाच किलो सहाशे. काटा शून्यावर आहे का ते पाहिले, हर्षलला काढून पुन्हा बसवले. पाच किलो सहाशे. दहा महिन्यांच्या मुलाला नऊ किलो पाचशे असायला हवे. साठ टक्के म्हणजे पाच किलो सातशे.

"तिसरी लागली ना?" पुनम म्हणाली. तिने वजन काट्यावर वाचले होते.

"हो."

तिने हर्षलला झोळीतून काढले, अंगात झबले घातले आणि बंद बांधता बांधता बोलू लागली. "तुमी मागच्या बारीले येऊन गेल्या ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याले चारलं होतं. बांधीवर. कोणी नोतं. डब्यातला भात कुस्करला, वरण घातलं. पाच घास खाल्ले त्यानं. सहावा मागत होता." तिने बंदाची गाठ घातली. "रात्रीच्याले ताप आला. तीन दिवस होता. अंगावर बारीक पुरळ."

"गोवराची सुई टोचून किती दिवस झाले होते?"

"नऊ."

"मग तो सुईचा ताप. आठव्या-दहाव्या दिवशी येतो काही मुलांना. पुरळही येते."

"मले माहीत आहे. नर्सबाईनं टोचतानाच सांगतलं होतं. मी सासूलेबी तेच सांगतलं, सुईचा आहे म्हणून." झबल्याचा बंद बांधून झाला होता, तरी ती तो ओढत राहिली. "पण मॅडम, त्या तीन दिवसांत मी देवाजवळ काय काय कबूल केलं, तुमाले सांगतलं तर तुमी हसान. मंग माझी हिंमतच नाई झाली. पातेलं पुढं असते, चमचा हातात असते. मनात म्हणतो, आता. आणि हात उठत नाई."

मी दवाखान्याची चिठ्ठी लिहायला घेतली. तेवढ्यात जेवणाची वेळ झाली म्हणून गुणवंतराव आणि रुखमाबाई खळ्यावरून आले. दोघांच्या अंगावर धानाची कुसे होती. रुखमाबाईंनी पाय धुतले, ताटे घेतली, भात वाढला. मी सांगायचे ते सांगितले. वजन किती, किती हवे, किती कमी झाले आणि गडचिरोलीच्या दवाखान्यात कशाला न्यायचे.

गुणवंतरावांनी घास हातातच ठेवला. "म्हणजे मरन का?"

"असंच राहिलं तर साधा ताप, साधे जुलाब झेपायचे नाहीत. दवाखान्यातही पहिलं औषध अन्नच आहे."

"अन्न!" रुखमाबाई म्हणाल्या. त्यांनी भाताचे पातेले झाकले. "तुमी शिकलेल्या बायका, तुमाले हे सोपं वाटते. माझा पहिला पोरगा सात महिन्यांचा होता. भाऊ सिरोंच्याकडं लाकडाच्या कामाले गेलता. लेकरू रडे. मी म्हटलं, भावाची कुठवर वाट पाहू? मीच चारलं. पंधरा दिवस नाई पुरला तो. हगून हगून गेला. साऱ्या गावानं मले म्हटलं, मामाचा घास तू हिसकला." त्यांचा आवाज चढला नाही. "मी आता नातवाले नाई घालवत."

हे मी पहिल्यांदा ऐकत होते. पुनमच्या चेहऱ्यावरून वाटले, तिनेही पहिल्यांदाच ऐकले.

पुनमने विचारले, "कोणता महिना होता, आई?"

"कशाचा?"

"तुमी त्याले चारलं तवा."

"रोवणे चालू होते. आखाड-श्रावण असन."

"पाणी कुठलं पेत होते?"

"कुठलं म्हणजे? बोडीचं! तवा बोरिंग होती का गावात? जनावरं पाण्यात बसत, त्याच्याच वरच्या अंगानं भरत होतो."

पुनमने हर्षलला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतले. "तुमचे किती लेकरं गेले, आई?"

"हे काय विचारून राह्यली वं तू?" गुणवंतराव म्हणाले. "जेवणाच्या टायमाले?"

"तीन," रुखमाबाई म्हणाल्या.

"दुसऱ्या दोघांले पहिला घास कोणी चारला होता?"

रुखमाबाईंनी पातेल्यावरचे झाकण उगाच सरळ केले. ते सरळच होते. बाहेर खळ्यावर देवराव बैलांवर ओरडत होता, ते ऐकू येत होते.

"माझ्या भावानं," त्या म्हणाल्या. "दोघांलेबी. पोरीच्या टायमाले तर खीर घरून घेऊन आलता, आत्तापल्लीवरून. पायी."

"ते कशानं गेले?"

"तशानंच."

हे विचारायचे मला सुचले नव्हते. वीस प्रश्नांतही ते नव्हते. रुखमाबाई जमिनीकडे पाहत होत्या. तीस वर्षांत त्यांना हा हिशोब कोणी मांडून दाखवला नव्हता, किंवा त्यांनी स्वतःच तो मांडला नव्हता. त्यांनी पदराने नाक पुसले आणि पातेल्यावरचा हात काढला.

गुणवंतरावांनी घास ताटात परत ठेवला. बोटे एकमेकांवर घासून शिते काढली. "हे पाहा," ते म्हणाले, मला की पुनमला ते कळले नाही. "मी मोठा आहे, मी नमतो. माझंच चुकलं असन. निकेशले मी सोता चिठ्ठी लिवतो. पण हा पुसाचा महिना आहे. पुसात कोणी उष्टावण करते का? अमावस्या उद्याच आहे. माघ लागला का चांगला दिवस पाहू, मामाले बोलावू, साऱ्या गावाले जेवण देऊ. आठ-पंधरा दिवसाचा सवाल आहे. दहा महिने थांबलो, आता पंधरा दिवस काय?"

त्यांच्या दृष्टीने त्यांनी फार मोठी गोष्ट दिली होती, आणि ती खरीच मोठी होती. देवराव एवढ्यात आत आला होता आणि दारातच उभा राहून ऐकत होता. त्याचा चेहरा एकदम हलका झाला. "हो, हे बरं आहे," तो म्हणाला. "माजरीले मीच जातो सांगाले."

पुनम माझ्याकडे पाहू लागली. "पंधरा दिवस चालतील का, मॅडम?"

"मला ठरवून सांगता येणार नाही," मी म्हटले. "गेल्या तीस दिवसांत चारशे ग्रॅम कमी झालं."

ती मनात भागाकार करत असावी. ओठ हलले. हर्षलने तिच्या हातातल्या रिकाम्या वाटीची कड तोंडात धरली होती, ती तिने सोडवली नाही. मग तिने वाटी सासूपुढे केली. रुखमाबाईंनी वाटीकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले, आणि झाकण बाजूला करून भात वाढला. वरण पुनमने स्वतः घेतले.

"पुनम," देवराव म्हणाला. "बाबा बोलून राह्यले ना, लिवतो म्हणून."

"लिवा बाबा, चिठ्ठी लिवा," पुनम म्हणाली. ती भात कुस्करत होती आणि आवाज तिच्या नेहमीच्या आवाजापेक्षा मोठा होता. "माघात निकेश येऊ दे, त्याच्या मांडीवर बसवा, खीर करा, गाव जेवू घाला. मी नाई म्हणत नाई. एकदा मी याले बांधीवर चोरून चारलं, आणि ताप आला तर भेली. आता चोरून नाई चारत. पहिला घास मीच चारीन, आताच, पुसातच, तुमच्या सगळ्यांच्या समोर. आणि उद्याच्या पहिल्या गाडीनं याले गडचिरोलीले नेईन. हे संग आले तर बरं, नाई आले तर मी एकटी जाईन."